नागझिऱ्याच्या शेजारी साधा मुक्काम

जंगलालगत राहुट्या ठोकून किंवा मातीच्या चार खोल्या बांधून पाहुण्यांना विजेच्या झगमगाटाविना राहू देणे, हा अलीकडे पर्यटनातला स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. कंदील, कॅनव्हासचा तंबू, ओसरीतली बाज, गुंडातले गार पाणी, शेकोटीभोवतीच्या गप्पा असे जुन्या काळचे रूप त्याला दिलेले असते. लोक पैसे देऊन इथे येतात ते काही सोयी बाजूला ठेवण्यासाठी. भंडारा जिल्ह्यात असा मुक्काम उभा करायला लागणारे बहुतेक सारे आजही हाताशी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून वीसेक किलोमीटरवर कोका अभयारण्य आहे. साकोली तालुक्यातील पिटेझरीच्या बाजूने नागझिऱ्यात प्रवेश होतो आणि पवनीच्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे रान लागते. त्याशिवाय मालगुजारी तलाव आहेत, धानाची शेती आहे, बांबू आणि माती हाताळणारे कारागीर आहेत. मात्र साधेपणाची सजावट करणे सोपे आणि साधेपणाने मुक्काम चालवणे कष्टाचे, हे या धंद्यात उतरणाऱ्याला पहिल्याच हंगामात कळते.

रानातल्या तंबूची परंपरा या भागात इंग्रजी अमलात रुजली. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. दिवाळीनंतर रस्ते वाळले की जिल्ह्याचे साहेब, जंगल खात्याचे अधिकारी आणि त्यांचे कारकून दौऱ्यावर निघत आणि उन्हाळा तापेपर्यंत फिरत. सामान बैलबंड्यांवर लादलेले असे. तंबूंचे दोन संच असत. एकात रात्रीची झोप चाललेली असताना दुसरा पुढच्या मुक्कामाला रवाना झालेला असे, म्हणजे साहेब पोहोचेपर्यंत राहुटी उभी आणि चहा तयार. जेम्स फोर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक १८७१ मध्ये आले. शेजारच्या सिवनी भागातील तंबूतल्या जीवनावर रॉबर्ट स्टर्नडेल यांनी लिहिलेले पुस्तक १८७७ मध्ये निघाले, आणि पुढे किपलिंग यांना ‘जंगल बुक’ लिहिताना त्याचा उपयोग झाला. आज ‘व्हिंटेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जंगलमुक्कामाचे चित्र बरेचसे याच पुस्तकांतून आलेले आहे.

त्या चित्रात एक गोष्ट सहसा दिसत नाही. साहेबाच्या मुक्कामाला दूध, कोंबड्या, लाकूडफाटा, बैलांना तणस हे सारे आसपासच्या गावांनी पुरवायचे असे. त्याला रसद म्हणत, आणि ओझी वाहायला माणसे धरली जात ती बेगार. दाम मिळाला तर मिळाला. जुन्या काळची हौस पुन्हा उभी करताना हा भाग ध्यानात ठेवावा लागतो, कारण आजही पाहुण्याच्या निवांतपणामागे कुणाचे तरी पहाटे चारचे उठणे असते. त्या माणसाला रास्त मजुरी आणि मान मिळतो की नाही, यावर मुक्कामाची खरी प्रत ठरते. कंदील किती जुना आहे, ही गोष्ट फार नंतरची.

तंबूंच्या पाठोपाठ वनखात्याची विश्रामगृहे आली. एका दिवसाच्या चालीवर एक याप्रमाणे ती रानात विखुरलेली असत. उंच जोते, रुंद ओसरी, कवेलूचे छप्पर, मागे स्वयंपाकघर आणि एक खानसामा एवढाच त्यांचा संसार. नागझिऱ्याचा मुक्काम मराठी वाचकाच्या मनात घर करून बसला तो याच परंपरेतून. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य घोषित झाले. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि अभयारण्याचा मोठा भाग तिकडे गेला. तलावाकाठी ‘निलय’, ‘लताकुंज’ अशा नावांची विश्रामगृहे, समोर पाणी, पलीकडे रान, आणि वर्षानुवर्षे वीज नाही. रात्री कंदील पेटायचा, तो मालवला की चांदणे आणि रातव्यांचे आवाज तेवढे उरायचे. मराठीत जंगलातल्या साध्या मुक्कामाचा नमुना म्हणून या ठिकाणाएवढे दुसरे नाव सांगता येत नाही.

त्याचे श्रेय लेखकांकडेही जाते. व्यंकटेश माडगूळकर यांनी नागझिऱ्यात मुक्काम करून, पायी हिंडून, पाहिलेले लिहिले आणि त्या पुस्तकाला नावच ‘नागझिरा’ दिले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी जवळच्या नवेगावच्या तलावाकाठचे आयुष्य ‘नवेगावबांधचे दिवस’मध्ये मांडले. पुण्याचे पक्षी अभ्यासक किरण पुरंदरे नागझिऱ्यात चारशे दिवस राहिले, त्यावर त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिले आणि पुढे ते पत्नीसह पिटेझरी या भंडारा जिल्ह्यातल्याच गावात राहायला आले. शहर सोडून रानालगतच्या खेड्यात घर करणे म्हणजे काय, याचे मराठीतले हे ठळक उदाहरण. या तिघांच्या लिखाणात सोयींची चर्चा जवळजवळ नाही. पाणवठ्यावर कोण आले, कोणते झाड फुलले, रात्री कोण ओरडले, हेच त्यांच्या दिवसाचे मोजमाप आहे.

साध्या राहणीचा विचार मराठीत बाहेरूनही आला. हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेले आणि दोन वर्षांहून थोडे अधिक तिथे राहिले. झोपडीला आलेला साडेअठ्ठावीस डॉलरांच्या आतला खर्च त्यांनी बाबवार लिहून ठेवला आहे. त्या पुस्तकाचा ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ हा अनुवाद दुर्गाबाई भागवतांनी केला. भंडाऱ्याला त्याहून जवळचा धडा वर्धा जिल्ह्यात आहे. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. तिथल्या कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलू या आसपास मिळणाऱ्या सामानातून गावच्या कारागिरांनी उभ्या केल्या. विदर्भाच्या उन्हाळ्यात अशी कुटी किती सुखाची असते, हे बापूकुटीत भर मे महिन्यात बसलेल्या कुणालाही विचारावे.

मुक्काम कुठे उभा करता येतो, याचे उत्तर कायद्यात आहे. वनजमिनीवर खासगी माणसाला तंबूही ठोकता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९८० चा वनसंवर्धन कायदा यांनी ते दार बंद केलेले आहे. उरते ती गावाची खासगी शेतजमीन. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. त्याच वर्षी अभयारण्य झालेले, सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे कोकाही त्यात आहे. त्यामुळे काठावरच्या गावांत काहीही बांधताना वनखाते आणि ग्रामपंचायत दोघांकडे आधी विचारणा करणे शहाणपणाचे. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले आहे. धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याने आपल्याच शेतात दोन-तीन खोल्या काढून पाहुणे ठेवणे त्या चौकटीत चांगले बसते, आणि भंडाऱ्याला साजेसा प्रकारही तोच.

२०१२ साल या व्यवसायाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबवले. ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि मगच बंदी उठली. गाभा क्षेत्रातील कायमस्वरूपी पर्यटक निवास टप्प्याटप्प्याने बाहेर नेण्याचा विचार त्या तत्त्वांत आहे. म्हणजे नागझिऱ्याच्या तलावाकाठी जे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले गेले, ते यापुढे काठावरच्या गावांनी सांभाळायचे आहे. जुन्या रसिकांना याचे वाईट वाटते. निर्णय मात्र योग्य आहे, कारण पाणवठ्याशेजारची रात्र माणसापेक्षा जनावराला जास्त लागते.

जागा निवडताना नकाशापेक्षा गावातला म्हातारा गुराखी जास्त उपयोगी पडतो. पावसाळ्यात नाला कुठपर्यंत पसरतो, अस्वल कोणत्या वाटेने मोहाखाली येते, बिबट्या कुठल्या बांधावरून गावात शिरतो, हे त्याला ठाऊक असते. भंडाऱ्यात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सारा चार महिन्यांत. धानाच्या बांधीत, म्हणजे खोलगट काळ्या जमिनीत राहुटी ठोकली तर ती चिखलात बसते. मुरमाची, किंचित उताराची, पाणी निथळणारी टेकाडाची जागा हवी. मोह आणि तेंदूची झाडे अंगणात असणे मोठे मोहक दिसते, पण मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात तेव्हा अस्वल पहाटे हमखास त्यांच्याखाली असते. वाळल्या फांदीखाली तंबू नको, जनावराच्या पायवाटेवर नको, पाणवठ्याला लागून तर नकोच.

राहुटी की मातीची खोली, हा प्रश्न हवामान सोडवते. जाड सुती कॅनव्हासचा दुहेरी छताचा तंबू हिवाळ्यात उत्तम. वरच्या आणि आतल्या छतामध्ये हवेचा थर राहतो, दव आत झिरपत नाही. त्याला निगा मात्र फार लागते. ओला तंबू गुंडाळून ठेवला तर त्याला बुरशी धरते. सुती दोर ओले झाले की आखडतात आणि खुंट्या उपटतात, म्हणून झोपण्यापूर्वी ते किंचित सैल करावे लागतात. जमिनीला टेकलेली कड वाळवी खाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की दुपारी तंबूत बसवत नाही. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी तंबू आणि उरलेल्या हंगामात मातीचे घर, ही जोडी या जिल्ह्याला योग्य.

मातीचे घर बांधण्याची विद्या गावात अजून आहे. सागाचे किंवा ऐनाचे खांब, बांबूच्या कामट्यांचा किंवा तुरीच्या काड्यांचा कूड, त्यावर तणस आणि कोंडा मिसळून तुडवलेल्या मातीचा लेप, खाली शेणाने सारवलेली जमीन, वर कवेलू. धानाच्या धुऱ्यांवर तूर घेतली जाते, त्यामुळे काड्यांना तोटा नाही. बांबूची गोष्ट बारकाईची आहे. तो पावसाळा सरल्यावर, पक्का झालेला तोडावा लागतो आणि काही आठवडे वाहत्या किंवा साठलेल्या पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. त्यातला पिठूळ अंश पाण्यात निघून गेला की भुंगा लागण्याचे प्रमाण कमी होते. बुरुड कारागिरांना हे सांगावे लागत नाही. घाईत बांधलेल्या रिसॉर्टांतला बांबू मात्र दोन वर्षांत पोखरून भुगा होतो. दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरावे लागतात, कारण वानरांच्या उड्यांनी ते फुटतात आणि सरकतात. भिंती लिंपाव्या लागतात, जमीन आठवड्याला सारवावी लागते. सिमेंटच्या खोलीला ही कामे नाहीत. पण सिमेंटची खोली उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र मागते आणि सारवणाऱ्या बाईचा रोजगार बंद करते.

आतले सामानही जिल्ह्यातच मिळते. भंडाऱ्याची ओळख पितळेच्या भांड्यांची. तिथल्या कारागिरांचे गुंड, गंज, परात यांना स्टील आणि प्लॅस्टिकने मागे सारले. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळण्याचे काम इथला ढिवर समाज करत आला आहे. दोरीने विणलेली बाज, मातीचा रांजण, पळसाच्या पानांच्या पत्रावळी हे सारे आठवडी बाजारात मिळते. मुंबईच्या जुन्या बाजारातून गंजलेल्या पेट्या आणि ग्रामोफोन आणून खोली सजवण्यापेक्षा भंडाऱ्याच्या कासाराला दहा गुंडांचे काम देणे अधिक अस्सल आहे. ते वापरातही येते.

पाण्याचा हिशेब मांडताना जलजीवन मिशनचा आकडा हाताशी ठेवावा. त्या योजनेत ग्रामीण भागातील माणसी पाण्याचे प्रमाण दिवसाला ५५ लिटर धरले आहे. पाहुण्याने गावकऱ्यापेक्षा जास्त पाणी का वापरावे, याला पटण्याजोगे उत्तर नाही. बादलीने आंघोळ केली, चादरी रोज न बदलता मुक्कामाच्या शेवटी धुतल्या, तर एवढ्यात निभते. शॉवर आणि पोहण्याचा हौद आला की निभत नाही. भंडारा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. यातले बरेचसे तलाव कोहळी समाजाने खोदले आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि ते सरकारकडे आले, तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव म्हणतात. त्यांच्या पाण्यावर धान आणि ढिवरांची मासेमारी अवलंबून आहे. मुक्कामाने त्या पाण्यात पंप सोडणे म्हणजे गावाच्या ताटात हात घालणे होय. काठावर बसून बदके आणि बगळे पाहायला मात्र कुणाची हरकत नसते. नशीब चांगले असेल तर सारसाची जोडीही दिसते. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर एवढ्याच भागात उरला आहे.

संडासासाठी दोन शोषखड्ड्यांची पद्धत पुरेशी आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद केलेल्या खड्ड्यातील मैला वर्ष-दीड वर्षात कुजून निर्धोक खत होतो. खड्डे विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवेत. आंघोळीचे पाणी केळी आणि अळूच्या वाफ्यात सोडले की डबके साचत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न चुलीचा आहे. चुलीवरचा स्वयंपाक हेच पाहुण्याचे पहिले मागणे असते. प्राधिकरणाच्या २०१२ च्या तत्त्वांत मात्र संरक्षित क्षेत्राच्या पाच किलोमीटरच्या आतल्या पर्यटक निवासांना इंधन म्हणून लाकूड वापरायला मनाई आहे. शेकोटीपुरती सूट आहे, तीही लाकूड वनखात्याच्या आगारातून विकत घेतले तरच. याच गावांत सरपणासाठी रानात जावे लागू नये म्हणून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून लोकांना गॅस दिला गेला. सरपणाला गेलेल्या बाईवर वाघाने हल्ला केल्याच्या घटना या पट्ट्यात घडल्या आहेत. लाखांदूर, वडसा आणि ब्रह्मपुरी या भागांत तेरा जणांचा जीव घेणारा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडावा लागला. अशा गावात पाहुण्यांच्या हौसेसाठी पुन्हा मोळ्या विकत घेणे ही चूक होईल. गोठ्यातल्या चार जनावरांच्या शेणावर गोबरगॅस चालतो आणि त्यावर भात, वरण, भाजी सारे होते. अभयारण्यापासून दूर असलेल्या मुक्कामाने तुऱ्हाट्या आणि गोवऱ्यांवर चूल पेटवावी. झाडाला हात न लावता पाहुण्याची हौस भागते.

आगीविषयी कसलीही ढिलाई चालत नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम मानला जातो. पानगळीने रानात वाळक्या पाचोळ्याचा थर पडलेला असतो आणि एक ठिणगी पुरते. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात लागलेली आग विझवताना तीन हंगामी वनमजूर मरण पावले. या चार महिन्यांत शेकोटी पूर्ण बंद ठेवणे, अंगणाभोवती पाचोळा झाडून मोकळा पट्टा राखणे आणि विडी-सिगारेटला रानाकडच्या बाजूला सक्त मनाई करणे हे मुक्काम चालवणाऱ्याचे काम आहे. कंदिलाचेही तसेच. बंद तंबूत रॉकेलचा कंदील ठेवला तर आग आणि विषारी वायू दोन्हींचा धोका असतो. आत सौरऊर्जेवरचा दिवा आणि बाहेर ओसरीत कंदील, अशी वाटणी करावी. उजेड मंद आणि जमिनीकडे वळलेला असला की तारे दिसतात आणि रातकिड्यांची दिशाही चुकत नाही.

जेवणात भंडाऱ्याचा हात धरणे सोपे नाही. इथला चिन्नोर तांदूळ सुवासिक, त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. साधे वरण, वांग्याचे भरीत, लाखोळीच्या डाळीचे वडे, तलावातले झिंगे, उलट्या माठावर भाजलेली लांब पोळी आणि हिवाळ्यात रोडगे एवढ्यावर पाहुणा तृप्त होतो. पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी पाने, बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, आणि सात्या ही रानातली अळंबी बाजारात येतात. अभयारण्यातून हे काही तोडून आणायचे नाही, आठवडी बाजारात बसलेल्या बायांकडून घ्यायचे. जेवणाची यादी लांबवण्याचा मोह टाळावा. पनीर आणि नूडल्स मागवणाऱ्याला आधीच, आरक्षण करतानाच, नम्रपणे सांगितलेले बरे की इथे त्या दिवशी घरात शिजेल तेच ताटात येईल.

पाहुण्याच्या सुरक्षिततेचा भाग साधेपणाच्या नावाखाली सोडून देता येत नाही. मण्यार रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. सुरुवातीला दंश जाणवतही नाही. बाज आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावर सर्वांत साधा उपाय, शिवाय हिवतापापासूनही रक्षण. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने तो होतो, म्हणून अंगणातले गवत कापलेले हवे. सर्पविषावरील लस असलेले जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठले, तिथे रात्री गाडी किती वेळात पोहोचते आणि १०८ क्रमांकाला फोन कुठून लागतो, हे प्रत्येक कामगाराला तोंडपाठ असायला हवे. सूर्यास्तानंतर कुंपणाबाहेर पायी जायचे नाही, हा नियम पाहुण्याच्या मर्जीवर सोडू नये.

दिवस कसा घालवायचा, याची चिंता मुक्काम चालवणाऱ्यापेक्षा शहरातून आलेल्या पाहुण्याला जास्त असते. वाघ दाखवण्याचे वचन देऊन धंदा करायचा असेल तर ताडोब्याकडे जावे. नागझिऱ्यात वाघांची संख्या वाढावी म्हणून मे २०२३ मध्ये बाहेरून दोन वाघिणी आणून सोडाव्या लागल्या. इथले वैभव निराळे आहे. रानकुत्र्यांची टोळी, गवे, अस्वल, चौसिंगा, उडणखार आणि दोनशेहून अधिक जातींचे पक्षी. सकाळी धुऱ्यावरून चालणे, दुपारी पडून राहणे, संध्याकाळी तलावाकाठी बसणे आणि रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत शेतात हात लावणे एवढा कार्यक्रम पुरतो. पहिल्या दिवशी पाहुणा फोनची रेंज शोधत फिरतो. तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेकांचे हे थांबते, म्हणून एका रात्रीच्या पाहुण्यापेक्षा तीन रात्रींचा पाहुणा घेणे दोघांच्याही हिताचे.

गावची कला अंगणात आणून दाखवण्याची पद्धत सर्वत्र पडली आहे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या रानपट्ट्यात, तसे करण्याची गरज नाही. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात, दंडार आणि खडी गंमत रंगते, पुढे हिवाळाभर झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात. पाहुण्याला घोंगडी देऊन तिथे घेऊन जावे. गावकऱ्यांबरोबर जमिनीवर बसून पाहिलेले नाटक त्याच्या लक्षात राहते आणि कलावंतालाही अर्ध्या तासाचा तुकडा पेश करण्याची लाचारी येत नाही.

पैशाचे गणित सरळ आहे, मोठे नाही. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर अभयारण्ये बंद असतात, उन्हाळ्यात पाहुणे थोडे. खरा हंगाम चार-पाच महिन्यांचा. खोल्या चार असल्या तर घरची माणसे आणि गावातले तीन-चार मदतनीस मिळून त्या चालवू शकतात. दहा झाल्या की व्यवस्थापक लागतो, जनरेटर लागतो, पाण्याचा टँकर लागतो, आणि मग साधा मुक्काम म्हणायला काही उरत नाही. खर्चाचा मोठा भाग मजुरीचा असतो आणि तो तसाच असावा. शेती सोडून हा व्यवसाय करण्यापेक्षा शेतीला जोडून केला तर वाईट हंगामही निभावतो. ज्यांना भंडाऱ्यात असा मुक्काम सुरू करायचा आहे त्यांनी कर्ज काढण्याआधी स्वतःच्या शेतात मातीची एकच खोली बांधावी, एक संपूर्ण वर्ष, पावसाळ्यासह, तिच्यात राहून पाहावे, आणि मगच पहिल्या पाहुण्याला बोलवावे.